घोडं पळवून पाहू नका, थोपवून पाहा

घोड्याच्या बाजारात गिऱ्हाईक काय म्हणतं? "जरा पळवून दाखवा." मालक पाठीवर बसतो, टाच मारतो, आणि घोडं धूळ उडवत बाजाराच्या या टोकापासून त्या टोकाला जातं. रेवाल चाल असेल तर भाव आणखी चढतो. टोकाला गेल्यावर मालक दोन्ही हातांनी लगाम मागे ओढतो. घोडं तोंड आभाळाकडे करतं, जबडा फाकवतं, पुढचे पाय खुंटीसारखे रोवतं आणि कसंबसं उभं राहतं. हा शेवटचा भाग कुणी नीट पाहत नाही. तोवर गिऱ्हाईक आकड्यांच्या विचारात पडलेलं असतं.

शेतकरी बंधूंनो, घोड्याची खरी पारख त्या शेवटच्या दहा पावलांत असते. पळायला घोड्याला कुणी शिकवावे लागत नाही. शिंगरू जन्मल्यावर काही तासांतच आईमागे धावू लागते. शिकवावे लागते ते हळू होणे. दौडीतून दुडकीवर येणे, दुडकीतून साध्या चालीवर येणे, आणि चालीतून जागच्या जागी शांत उभे राहणे. तरण्या घोड्याची शिकवणी आपल्याकडे नेमकी इथेच अर्धी सोडली जाते. पुढे ते घोडं मुंबईच्या रस्त्यावर जातं, आणि राहिलेलं अर्धं काम तिथे महागात पडतं.

मी कृषी पदविकेचा माणूस. पदविकेत गाय, म्हैस, बैल, कोंबडी सगळं होतं; घोडा नव्हता. त्यामुळे इथे जे लिहितो आहे ते चाबुकस्वार, मोतद्दार आणि पशुवैद्यक यांच्याकडून समजून घेतलेलं आणि खाचराच्या बांधावर उभं राहून पाहिलेलं आहे.

उपनगरात घोडा कशाला?

मुंबई उपनगर जिल्हा १९९० साली वेगळा झाला. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे तीन तालुके. जिल्हा परिषद नाही, पंचायत समिती नाही. अशा जिल्ह्यात घोड्याचा विषय काढला की शहरातली मंडळी हसतात. पण जरा हिशेब करून बघा. तुळशीचं लग्न लागलं की मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी या भागांत वराती सुरू होतात आणि नवरदेवाला घोडी लागते. ही घोडी काही घाटकोपरला जन्मत नाही. ती बाजारातून येते. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तिथला घोडेबाजार देशभर नावाजलेला आहे. नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडे येतात. सोलापूरकडे अकलूजचा बाजार आहे. शिवाय गुजरात-राजस्थानातून मारवाडी आणि काठेवाडी जातीची जनावरं येतात. मधल्या काळात घोडं ठाणे, पालघर, रायगडच्या एखाद्या गावात बांधलेलं असतं आणि कित्येकदा तिथेच त्याला खोगिराची सवय लावली जाते. म्हणजे हा विषय आपल्या दारातलाच आहे.

दुसरं उदाहरण अंधेरीतल्या मरोळचं. मुंबई पोलिसांचं घोडदळ वाहनांची गर्दी वाढली म्हणून १९३२ साली बंद झालं होतं. २०२० च्या प्रजासत्ताक दिनी शिवाजी पार्कच्या संचलनात ते पुन्हा दिसलं. तेव्हा तेरा घोडे घेतले होते आणि तबेल्यासाठी मरोळची जागा जाहीर झाली होती. आता विचार करा, सणाच्या किंवा मोर्चाच्या गर्दीत पोलिसाच्या घोड्याला पळायचं काम किती वेळा पडेल? जवळजवळ नाहीच. त्याचं सगळं काम हळू होण्याचं, थांबण्याचं आणि उभं राहण्याचं.

उलट बाजूही सांगायला हवी. दक्षिण मुंबईतल्या हौसेच्या व्हिक्टोरिया गाड्या मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या. घोड्यांचे हाल हा त्या खटल्यातला मोठा मुद्दा होता. वरातीच्या धंद्यावर उद्या तशीच वेळ येऊ नये असं ज्याला वाटतं, त्याने आधी आपल्या घोड्याच्या तोंडात डोकावून पाहावं. जिभेवर, हिरडीवर, ओठाच्या कोपऱ्यात व्रण असेल तर वकील नेमून उपयोग नाही.

ओढल्याने घोडं थांबत नाही

आता थोडा शरीराचा हिशेब. उभ्या घोड्याच्या वजनापैकी साधारण साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो, कारण मान आणि डोकं पुढे आहे. पाठीवर माणूस बसला की पुढचा भार आणखी वाढतो. ढकलण्याचं काम मागच्या पायांचं. पळताना हे बरं चालतं, पण हळू होताना उलटं करावं लागतं. मागचे पाय पोटाखाली यायला हवेत, पुठ्ठा किंचित खाली बसायला हवा, पाठ वर उचलली जायला हवी. भरलेली बैलगाडी उतारावरून आणताना चांगला बैल कसा मागे बसून गाडी तोलतो, ते आठवा. घोड्यालाही तेच करायचं असतं. फरक इतकाच, की त्याचा बोजा गाडीत नसून पाठीवर असतो.

तीन वर्षांच्या घोड्याच्या पुठ्ठ्यात आणि पोटाच्या स्नायूंत एवढा जोर नसतो. हाडंही पक्की नसतात. पायाची खालची हाडं आधी भरतात आणि पाठीचे मणके सर्वांत शेवटी, साधारण साडेपाच वर्षांच्या सुमारास. त्यामुळे तरणं घोडं हळू होत नाही ते बहुतेक वेळा हट्टाने नाही. त्याला जमत नाही म्हणून. न जमणाऱ्या पोराला छडी मारून गणित येतं का? इथेही तसंच.

मालक लगाम ओढतो तेव्हा काय होतं पाहा. लगामाचा तोंडात बसणारा लोखंडी भाग, म्हणजे कडियाळे, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर टेकतो. त्या हिरडीखालचं हाड धारदार कडेचं आणि वरची कातडी पातळ. तिथे झटका बसला की घोडं डोकं वर फेकतं. डोकं वर गेलं की पाठ खाली दबते. पाठ दबली की मागचे पाय मागेच राहतात आणि सगळा भार धाडकन पुढच्या पायांवर येतो. म्हणजे घोडं थांबायला ज्या मागच्या पायांची मदत हवी, तेच ओढण्याने कामातून जातात. रोज असं झालं की पुढच्या पायाच्या मागची नस सुजते, गुडघ्याखाली हात लावला तर गरम लागते, आणि सहा महिन्यांत घोडं लंगडं.

वयाचा आणखी एक घोळ आहे. दुधाचे मधले पुढचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडतात, शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. पाच वर्षांना तोंड पूर्ण होतं. याच काळात दाढाही बदलतात. म्हणजे आपण ज्या वयात लगाम चढवतो, त्याच वयात तोंड आतून दुखरं असतं. काही घोड्यांना वरच्या दाढांच्या अगदी पुढे एक बारीक टोकदार दात येतो, आणि कडियाळे त्यावर आपटलं की घोडं मान झटकतं. मालक म्हणतो, 'तोंडाचा जड आहे, कडक लगाम घाला.' आधी पशुवैद्यकाला तोंड दाखवा. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं आहे आणि उपनगरातून तिथे जाणं अवघड नाही. गावाकडे तालुक्याचा दवाखाना आहे. दात घासून घेतल्यावर निम्मी तक्रार जाते, असं जाणकार सांगतात.

काटेरी कडियाळ्याबद्दल तर वादच नको. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत. त्यांत काटे, गाठी किंवा टोकं असलेला लगाम आणि साज वापरायला मनाई आहे. याच नियमांनुसार जनावराकडून दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन कामच घ्यायचं नाही. यात्रा समितीचे कार्यकर्ते, सरपंच, पोलीस पाटील यांनी ही एवढी माहिती तरी खिशात ठेवावी. काटेरी कडियाळी बाजारात उघड टांगलेली असतात, म्हणून ती कायदेशीर ठरत नाहीत.

खाचरातली शाळा

आता मुख्य काम. सारंगखेड्याहून मार्गशीर्षात घोडं आणलं, तर आपल्याकडे भातकापणी होऊन खाचरं मोकळी झालेली असतात. यासारखं मैदान नाही. जमीन अजून थोडी ओलसर, मऊ. चारी बाजूंनी बांध, म्हणजे घोड्याला आपसूक कुंपण. फाल्गुनात खाचर दगडासारखं टणक होतं आणि भेगा पडतात, मग तिथे दुडकीसुद्धा नको. किनाऱ्याच्या गावांत, गोराई-मनोरीच्या बाजूला, ओहोटीला जी ओली घट्ट वाळू उघडी पडते ती चालेल. वरची सुकी, पाय रुतणारी वाळू मात्र टाळा. तिथे तरण्या घोड्याच्या नसा ताणल्या जातात.

पहिले पंधरा दिवस पाठीवर बसूच नका. साधी मोहरकी आणि दोर. घोड्याच्या खांद्याशी उभे राहा, चाला, आणि थांबायच्या आधी लांब, खालच्या आवाजात 'होऽऽ' म्हणा. मग स्वतः थांबा. घोडं थांबलं की दोर त्याच क्षणी सैल. पुढे गेलं तर दोराला हलका इशारा, पुन्हा सैल. शब्द कोणताही ठेवा, पण तोच ठेवा, आणि घरात सगळ्यांनी तोच वापरा. बाप 'होऽऽ' म्हणतो, मुलगा 'थांब रे' म्हणतो आणि मोतद्दार नुसती शीळ घालतो. मग घोड्याने कुणाचं ऐकायचं?

त्यानंतर लांब दोरावर वर्तुळात फिरवणे. जुने लोक याला काव्यावर धरणे म्हणतात. दोर वीस-पंचवीस फुटांचा असावा, वर्तुळ मोठं असावं, लहान वर्तुळात सांध्यांवर ताण येतो. एका बाजूला सहा-सात मिनिटं, मग दुसऱ्या बाजूला तेवढीच. घोडं दुडकीवर आलं की लगेच 'होऽऽ' म्हणू नका. पाच-सहा फेऱ्या होऊ द्या, चाल एकसारखी लागू द्या. दुडकीत तिरपे दोन पाय एका वेळी पडतात, म्हणून टापा दोन-दोन ऐकू येतात. साध्या चालीत चार वेगवेगळ्या. डोळे मिटून कान द्या. दुडकीतून चालीवर येताना मध्ये टापांचा गोंधळ ऐकू आला, तर घोडं तोल सावरत नाही, पुढे कोसळत हळू होतं आहे असं समजा. टक टक... मग सरळ चार टापा, असं आलं की काम झालं. हा कानाचा हिशेब मला फार पटला. बाजारात डोळा फसतो, पण कान सहसा फसत नाही.

मग स्वार. हलका, पण जाणता माणूस बसवा, पोरगा नको. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पंधरा ते वीस टक्क्यांच्या आत असावेत. घोडं तीनशे किलोचं असेल तर पंचेचाळीस ते साठ किलो. तरण्यासाठी खालचाच आकडा धरा.

स्वाराने हळू करायचं कसं? क्रम असा आहे, आणि यात हात शेवटी येतो. आधी घोड्याला चाहूल द्या. स्वतः ताठ बसा, खांदे मागे, श्वास लांब सोडा. घोड्याच्या चालीबरोबर आपली कंबर हलत असते, ती हलणं कमी करा. पोटऱ्या अंगाला नुसत्या टेकलेल्या असू द्या, म्हणजे मागचे पाय झोपणार नाहीत. मग तोच 'होऽऽ'. आणि एवढं झाल्यावर बोटं. लगाम मागे ओढायचा नाही, मूठ मिटायची. गाईची धार काढताना आपण सड ओढत नाही, मुठीत बोटं मिटतो, सोडतो; तसंच. ज्याला धार काढता येते त्याला हे दोन मिनिटांत समजतं, हा आपल्या लोकांचा फायदा आहे. घोड्याने पाऊल कमी करायला सुरुवात केली, की पूर्ण हळू व्हायची वाट न पाहता बोटं उघडा. ही सूट म्हणजेच त्याचं बक्षीस. सूट उशिरा मिळाली तर घोड्याला कळतच नाही की आपण बरोबर केलं.

सुरुवातीला फक्त चाल आणि उभं राहणं. दहा पावलं चाल, चार आकडे मोजेपर्यंत उभं, पुन्हा चाल. आठवडाभर हेच. कंटाळवाणं आहे, मान्य. पण इथेच पाया पडतो. मग दुडकीची वीस पावलं आणि चालीची दहा, मोठ्या वर्तुळावर, कारण वर्तुळात आतला मागचा पाय आपोआप पोटाखाली येतो. सरळ रेषेवर घोडं लगामावर रेलतं. हळू झाल्यावरचं पहिलं पाऊल बघा. ते मोकळं, लांब पडलं पाहिजे. घोडं चालीवर येऊन रेंगाळलं, तर ते हळू झालं नाही, विझलं. अशा वेळी पोटऱ्यांनी पुढे न्या.

रोज एकाच जागी थांबवू नका. घोडं चलाख जनावर आहे. तिसऱ्या दिवशी ते तुमच्या आधीच थांबेल आणि तुम्हाला वाटेल शिकलं. जागा बदला. तोंड गोठ्याकडे असताना हळू करणं सर्वांत अवघड, म्हणून ते शेवटच्या आठवड्यांत घ्या. आणि डोकं वर फेकलं तर हात खाली दाबू नका. पुन्हा वर्तुळावर घ्या, चाल लागू द्या, पुन्हा विचारा. तीन चांगले उतार मिळाले, की खाली उतरा. आयाळीच्या मुळाशी खाजवा, तंग सैल करा, दिवस संपला. वीस-पंचवीस मिनिटांच्या पुढे तरण्या घोड्याचं ध्यान राहत नाही, आणि आठवड्यातले दोन दिवस पूर्ण विश्रांती हवी.

दौडीतून दुडकीवर येण्याची घाई तर करूच नका. दुडकीचं काम स्वच्छ झाल्यावर, आणि तेही चार वर्षांच्या पुढच्या घोड्यावर. आधी दुडकीतल्या दुडकीत कमी-जास्त करा: सहा पावलं आखूड, सहा लांब. हे ज्याला जमलं तो घोडा दौडीतूनही नीट उतरतो. जमलं नसेल तर दौडीतून दुडकीवर येताना तो दडदडत पळतो आणि स्वार पुन्हा लगामाला लटकतो.

डांबरी रस्त्यावर मात्र साध्या चालीपलीकडे काही नको. लोखंडी नाल डांबरावर, त्यातून पावसाळ्यात, साबणासारखा घसरतो. नाल पाच-सहा आठवड्यांनी बदलून खूर कापून घ्या. खुराचा पुढचा भाग वाढला की घोडं ठेचकाळतं आणि आपण म्हणतो हळू होताना तोल जातो.

माथेरानला घोडेवाल्यांकडे साडेचारशेच्या आसपास परवान्याचे घोडे आहेत. तिथला लाल मातीचा उतार हीच त्यांची शाळा. उतारावर घोडं सरळ ठेवलं, मान मोकळी सोडली आणि स्वार शांत राहिला, तर ते आपणहून मागचे पाय खाली घेतं. तुमच्या गावात हलका चढ-उतार असेल तर आठवड्यातून एकदा चालीने तिथून न्या. बैलगाडीच्या वाटेएवढा उतार पुरे.

टांग्याच्या घोड्याचं थोडं वेगळं. तिथे थांबताना मागून गाडी ढकलत येते. मागच्या मांड्यांवरून जाणारा चामडी पट्टा नीट बसवलेला असेल, तर घोडं पुठ्ठ्याने गाडी अडवतं. तो पट्टा लोंबत असेल तर सगळा भार खोगिरावर आणि तोंडावर. पट्टा आणि मांडी यांत आडवा हात जाईल एवढीच मोकळीक ठेवा. तरणं घोडं जुंपण्याआधी हा पट्टा नुसताच बांधून आठ दिवस फिरवा.

शर्यतीची घोडी, रेसचा घोडा

काही जण म्हणतील, आम्ही तयार घोडा घेतो, शिकवायचं कशाला? तयार म्हणजे कशासाठी तयार, ते विचारा. पुणे जिल्ह्यात खेड, आंबेगाव, जुन्नर भागात बैलगाड्याच्या शर्यतीत बैलांपुढे घोडी पळते. या शर्यतींवर २०१४ साली बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. घोडी तिथली मोठी शान. पण तिला शिकवलेलं असतं ते गर्दीचा गलका झाला की सुटायचं. तीच घोडी घाटकोपरला ढोल-ताशासमोर उभी केली, तर ती काय करेल?

महालक्ष्मीच्या रेसमधून निवृत्त झालेल्या घोड्याचंही तसंच. रेसमध्ये घोडा लगामावर रेलून पळतो. स्वाराने लगाम धरला की तो आधार समजून आणखी पुढे जोर लावतो. म्हणजे आपण थांबवायला ओढावं आणि त्याने तो पळण्याचा इशारा समजावा. अशा घोड्याला शून्यापासून, दोरापासून शिकवावं लागतं, आणि तरण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका.

आपली दख्खनी भीमथडी, धनगर बांधवांनी पिढ्यान्पिढ्या ओझ्यासाठी वापरलेली, अलीकडे स्वतंत्र जात म्हणून तिची राष्ट्रीय नोंदही झाली. उंचीला कमी, दिसायला साधी. पण मेंढरांच्या कळपाबरोबर घाट उतरून कोकणात येणारं हे जनावर चालणं-थांबणं आईच्या मागेच शिकलेलं असतं. वरातीला पांढरी उंच घोडीच हवी असा शहरी हट्ट असतो. लहान मुलांच्या फेरीसाठी मात्र मी भीमथडीचंच नाव घेईन.

वरातीत काय करावं

वरात म्हणजे दहा पावलं चालणं आणि पाच मिनिटं उभं राहणं, तेही फटाके, डीजे, जनरेटरची गाडी आणि मागे हॉर्न वाजवणाऱ्या बस यांच्यामध्ये. वर बसलेल्या नवरदेवाने आयुष्यात घोडा पाहिलेला नसतो. फेटा सरकला की तो लगाम धरून सावरतो, आणि इथेच अपघाताला सुरुवात होते.

यावर उपाय सोपा आहे, फक्त मालकांना तो शोभेचा वाटत नाही. नवरदेवाच्या हातात दिलेला सजवलेला लगाम कडियाळ्याला जोडूच नका. तो मोहरकीच्या बाजूच्या कड्यांना बांधा. दिसायला तसाच दिसतो, पण ओढला तरी तोंडाला झटका बसत नाही. नवरदेवाला धरायला खोगिराच्या पुढे एक पक्की मूठ किंवा पट्टा द्या. खरा दोर घोड्याला शिकवलेल्या माणसाच्या हातात, खांद्याशी. आणि तोच 'होऽऽ'. इतक्या आवाजात शब्द ऐकू जाणार नाही, म्हणून शिकवतानाच शब्दाबरोबर खांद्यावर तळहात टेकवायची सवय लावा. पुढे नुसता हात पुरतो.

आवाजाची सवय गावातच करा. आधी शंभर पावलांवर ताट वाजवा, घोडं खात असताना. कान मागे-पुढे करून पुन्हा वैरणीला लागलं, की थोडं जवळ या. गावच्या वाजंत्र्यांना चहा पाजा, ते सराव करतील तिथून घोडं चालीने न्या. फटाक्यांची सवय कुठल्याच घोड्याला पूर्ण होत नाही, हे वधू-वरांच्या मंडळींना आगाऊ सांगा. ठरवतानाच अट घाला, घोड्यापासून पन्नास पावलांत फटाका नाही. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या.

घोडी दोन पायांवर नाचवून दाखवायची प्रथा मला पटत नाही. ती बहुतेक ठिकाणी पायावर काठी मारून आणि तोंड आवळून शिकवलेली असते. अशी घोडी उभी राहायला सांगितली तरी थयथय करत राहते, कारण उभं राहणं म्हणजे पुढचा फटका, हे तिच्या डोक्यात बसलेलं असतं. तिला हळू व्हायला पुन्हा शिकवणं हे कोऱ्या घोड्यापेक्षा दुप्पट काम आहे.

मार्गशीर्षात घेतलेलं घोडं माघातल्या मुहूर्ताला उभं करायचं, हा हिशेब करणारे बरेच आहेत. कर्जाचा हप्ता असतो, वैरण महाग आहे, हे मला दिसतं. तरी साडेतीन-चार वर्षांचं घोडं पहिल्या हंगामात फक्त जुन्या घोड्याबरोबर, रिकाम्या खोगिराने, मागे चालवा. पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर त्याला नवरदेव द्या. या एका हंगामाचं भाडं बुडतं. पण चार वर्षांच्या घोड्याचा पाय गेला, किंवा वरातीतलं पोर त्याच्या टापेखाली आलं, तर तो खर्च भरून येत नाही.

आता बाजारात जाल तेव्हा मालकाला सांगा, पळवू नका. दुडकीवर आणा, लगाम एका हातात सैल धरा, आणि आमच्यासमोर चालीवर आणून उभं करा. डोकं जागेवर राहतं का बघा. तोंड उघडतं का बघा. टापा ऐका. उभं राहिल्यावर चारही पाय अंगाखाली आहेत की पुढचे लांब रोवलेत, ते पाहा. मग ओठाचे दोन्ही कोपरे बोटाने उघडून आत नजर टाका. मालक आडकाठी करू लागला, तर पुढच्या दावणीकडे चला.